विंचरण्यापुरते केस

"कापायचे नाहीत हो ताई, फक्त कमी करायचे आहेत."

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. अकोल्याला हे काम शिकत होते तेव्हा ऐकलं. लग्न होऊन अमरावतीत आले, घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलं, तेव्हापासून तर रोजच ऐकते. आता माझेच केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, म्हणून दिवसाला दोन-तीनच बायका घेते. पण त्यांतली एखादी तरी हे म्हणतेच. अगं बाई, कमी करायचे म्हणजे कापायचेच ना? मी काय ते खोडरबरानं पुसून काढू?

आमच्या वऱ्हाडात बाई हौसेनं केस आखूड करत नाही. निदान तसं सांगत नाही. डॉक्टरनं सांगितलेलं असतं, नाही तर बोअरच्या पाण्यानं केस गळत असतात. मान दुखते, उन्हाळा सोसत नाही, धुतले की सर्दी होते. "मले आवडते म्हणून काप" असं म्हणणारी अजून यायची आहे. आली तर मी तिची ओटी भरीन.

भातकुलीकडच्या एका शेतकरी घरातली सून अशीच यायची. तिचे केस खांद्यापर्यंत कापून दिले. घरी काय सांगितलं, तर गळून राहिले होते म्हणून कापले. पुढच्या आठवड्यात दारात तिची सासू उभी. मी म्हटलं, झालं, आता ही माझीच झिंज्या उपटते. सासूबाई आत आल्या, खुर्चीत बसल्या, अंबाडा सोडला. दाव्यासारखे जाड केस, कमरेच्या खाली.

"माहे बी गळून राहिले व," त्या आरशात पाहत म्हणाल्या.

मी कंगवा घालून पाहिला. कंगवा मोडला असता, केस नाही. पण मी म्हटलं, "हो ना बाप्पा, लयच गळून राहिले," आणि कात्री घेतली.

हा अंक काढणाऱ्या बाईंनी मला सांगितलं की तुमच्या कामातलं लिहा, लोकांना ठाऊक नसलेलं. मग आधी कापण्याचं सांगते. आखूड, मऊ, थरांचा कट बायकांना सोपा वाटतो, कारण तो झाल्यावर काही केल्यासारखं दिसतच नाही. बॉबकट सोपा, एका रेषेत कापला की झाला. थरांचं तसं नाही. केस ओले करायचे, डोक्याचे भाग पाडून चिमटे लावायचे. मग एकेक बट डोक्यापासून सरळ बाहेर ओढून धरायची आणि बोटांच्या वर निघेल तेवढं कापायचं. बट सोडली की वरचे केस खालच्यांपेक्षा आखूड होऊन बसतात, कौलं एकावर एक बसतात तसे. टोकं सरळ कापली तर झाडू दिसतो, म्हणून कात्रीचं टोक उभं धरून केसांत नुसतं टोचत जायचं. तेव्हा ती मऊ पडतात. तेल लावून आलेल्या बाईचे आधी धुवून काढायचे, कारण तेलातले केस खोटं बोलतात. ओले असताना थोडे लांबच ठेवायचे, सुकले की ते वर चढतात. आणि म्हाताऱ्या माणसाच्या केसांना थर जपून द्यायचे. विरळ केसांना फार थर दिले की खालचं डोकं दिसतं, आणि ते पाहून बाई घरी जाऊन रडते.

या कटचं मोठं सुख म्हणजे त्याला नंतर काही करावं लागत नाही. धुवायचे, पुसायचे, झटकायचे, आपोआप जागेवर बसतात. हे मी प्रत्येकीला कौतुकानं सांगायची. एकदा मात्र हेच सांगितलं आणि समोरच्या बाईचा चेहरा उतरला. आज लिहायला बसले ते त्या बाईंसाठीच.

आमच्या भागात एक गुरुजी राहतात. इथली निम्मी लग्नं त्यांनीच लावलेली, वास्तुशांतीही त्यांनीच केलेल्या. आवाज खणखणीत, पण मंत्र सोडून तोंड उघडायचं नाही असा स्वभाव. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे, तेवढंच. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. काकू माझ्याकडे कधी यायच्या नाहीत, त्यांची पांढरी, पाठभर वेणी मी देवळात लांबूनच पाहायची. एका दुपारी त्या आल्या, सोबत पुण्याची मुलगी, अपर्णा. गुरुजीही आले होते. पण माझ्या दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी आहे आणि ती मी कधी मोडली नाही. माझा नवरासुद्धा बाहेरूनच हाक मारतो. गुरुजी ओट्यावरच्या बाकड्यावर बसले.

अपर्णाचे केस कानांच्या वर, मानेवर मशीन फिरवलेलं. तिला शोभत होते ते. तिनं सगळं आधीच ठरवून आणलेलं.

"ताई, आईचा उजवा खांदा जाम झालाय. हात वर जात नाही. तिची वेणी बाबा घालतात."

"गुरुजी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो. पण आता त्यांचीच बोटं थरथरतात. काल सकाळी मी पाहिलं, एका वेणीला किती वेळ लागला! गाठ सुटेना तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला नाही बघवत. तुम्ही अगदी माझ्यासारखे कापून टाका. नुसतं धुवायचं, बाकी काही नको."

खरं सांगते, मला ती पोरगी आवडली. आई-बापासाठी रजा काढून आलेली, उगाच गोड बोलत नव्हती. मी म्हटलं, चला काकू, आधी धुवून घेऊ. अपर्णाला फोन आला म्हणून ती बाहेर ओट्यावर गेली.

डोकं धुवायची माझी खुर्ची मागे कलते. बाई आडवी होते, मान बेसिनच्या खाचेत, डोळे छताकडे नाही तर मिटलेले. डोकं दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याचं तोंड दिसत नाही, असं झालं की माणूस बोलतो. सासरचं, माहेरचं, कोणाला न सांगितलेलं दुखणं, सगळं मला त्या बेसिनवर कळलेलं आहे. आणि तिथं ऐकलेलं तिथंच पाण्याबरोबर सोडून द्यायचं, हा आमच्या कामाचा नियम. काकूंचं मात्र मी आज त्यांना विचारून लिहिते आहे.

"वंदना," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "केस कापल्यावर रोज काय करावं लागतं गं?"

"काही नाही काकू! धुवायचे अन् पुसायचे. कंगवासुद्धा लागणार नाही तुम्हाला."

त्यांनी डोळे उघडले. पाणी गेलं असेल म्हणून मी टॉवेल पुढे केला, पण ते पाणी माझ्या नळाचं नव्हतं.

"अजिबातच लागणार नाही?"

मी नळ बंद केला. म्हटलं, काकू, काय झालं ते सांगा.

"हसशील तू," त्या म्हणाल्या. "एवढा संसार झाला, आम्ही दोघं बसून कधी बोललो नाही. सासूबाई होत्या तोवर दिवसा नवऱ्याशी बोलायची सोयच नव्हती. त्या गेल्या, तर तोवर बोलायची सवयच राहिली नव्हती. जेवायला वाढलंय, सामान संपलंय, एवढंच. मग माझा खांदा गेला. वेणी घालायला हे बसले. मी मागच्या दारात पाटावर, तोंड अंगणाकडे, आणि हे माझ्यामागे स्टुलावर. सुरुवातीला सुतळी वळल्यासारखी वेणी व्हायची बघ. आणि एक दिवस मागून आवाज आला, तुझ्या हातची आमटी मला फार आवडते."

"मग?"

"मी म्हटलं, आता सांगता? म्हातारपणी?" काकू हसल्या. मग थांबल्या. "तेव्हापासून बोलतात गं. रोज. तेवढ्या वेळातच. एकदा वेणीला रिबीन बांधली की संपलं, पुन्हा दिवसभर मुके. मी दिसत नाही म्हणून त्यांना बोलता येत असेल."

मी त्यांच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"अपर्णाच्या आधी मला मुलगा झाला होता. मुकुंद. तान्हेपणीच गेला, तापानं. त्या दिवसापासून यांनी त्याचं नाव घेतलं नाही. मी काढलं की उठून जायचे. मीही मग सोडलं. आणि गेल्या पावसाळ्यात, वेणीचे पेड घालता घालता हे म्हणाले, मुकुंदाचा आवाज मला आठवत नाही आता, तुला आठवतो का?"

मी टॉवेलच्या टोकानं त्यांचे डोळे टिपले.

"मग मी सांगितलं. कसा हसायचा, कसा रडायचा. रोज थोडं थोडं सांगते. कधी त्यांनाच काही आठवतं. आता केसच नाहीत म्हटल्यावर हे माझ्यामागे येऊन कशाला बसतील, तूच सांग. आणि मागे बसले नाहीत तर मुकुंदाचं नाव घेणारं घरात कोण राहिलं?"

"काकू, मग कापू नका. अपर्णाला सांगा."

"तिला कोणत्या तोंडानं सांगू? ती चुकीचं थोडीच बोलतेय? वेणी आता नाही होत यांच्यानं. गाठ ओढली जाते, मला लागतं, आणि मला लागलं की हे अजून थरथरतात." त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "असं काप, की गाठ पडायची नाही, पण विंचरावं लागेल. होतं का गं असं काही?"

बाप्पा! एवढ्या वर्षांत मला कोणी असं काम सांगितलं नव्हतं. सगळ्यांना हवा असतो तो बिनकष्टाचा कट. माझा हात आपोआप त्याच दिशेनं चालतो. आता मला उलटं करायचं होतं, आणि तेही बिघडवून नाही. काकू देवळात गेल्या तर बायकांनी मागे वळून पाहिलं पाहिजे.

मी त्यांना आरशासमोर बसवलं. ओल्या केसांची सैल वेणी घालून ती आधी वेगळी कापून काढली, त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे. केस अगदी तलम, धुतल्यावर तर रेशमाच्या लडीसारखे. टाळूवर भोवरा होता. असल्या भोवऱ्यावर मी नेहमी लांबी ठेवते, तशी ठेवली. मानेवरचे मात्र फार वर घेतले नाहीत. बाजूचे कानाच्या पाळीखाली राहू दिले. कपाळावर बट कापायच्याऐवजी लांब सोडली, म्हणजे रोज भांग पाडावा लागेल. भांग नाही पाडला तर ती डोळ्यावर येणार, आणि काकूंचा उजवा हात तर वर जात नाही. टोकं मऊ केली, म्हणजे गुंता होणार नाही. मनातल्या मनात मी स्वतःवर खूश होऊन राहिले होते.

तेवढ्यात अपर्णा आत आली.

"ताई, हे लांब आहेत."

"ओले आहेत ना. सुकले की वर जातात."

"तरीही लांबच राहतील. कपाळावरचे तर डोळ्यांत जाणार. रोज विंचरावे लागतील हे."

हुशार होती. मी म्हटलं, थोडं विंचरलं तर काय बिघडलं. ती तडकली.

"बिघडतं ना! मी उद्या परत जाणार. रोज ते काम बाबांवर येणार. त्यांचे हात तुम्ही पाहिले नाहीत. प्लीज, आखूड करा."

काकू आरशातून माझ्याकडे पाहत होत्या. हाताखालचं डोकं एकीचं, सांगणारी दुसरीच. मुलीला सगळं सांगून टाकलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण बेसिनवरचं बाहेर काढायचं नाही, आणि काकू तर गप्पच. कात्री हातात घेऊन मी उभी. काकूंचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता आणि आता कापले की ते परत चिकटवता येणार नव्हते.

मी कात्री खाली ठेवली आणि दार उघडलं.

"गुरुजी, आत या."

"मी?" ते बाकड्यावरून अर्धे उठले. पाटीकडे बोट दाखवलं.

"राहू द्या ती पाटी. ज्याले विंचरा लागते त्यानंच पाहून सांगावं, जमते का नाही जमत ते."

ते चपला बाहेर काढून, खाली मान घालून आत आले. कोपऱ्यात शाळेतल्या एक बाई चेहऱ्यावर पांढरा लेप लावून बसल्या होत्या, त्या दचकून ओढणी शोधायला लागल्या. गुरुजींनी त्यांना हात जोडून नमस्कार केला. गुरुजींनी ओळखलं नाही, पण त्या बाईंनी त्यांना ओळखलं. त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं गुरुजींनीच म्हटली होती.

मी गुरुजींच्या हातात जाड दातांचा कंगवा दिला. "काकूंचा भांग पाडून पाहा. गाठ आहे का बघा."

ते खुर्चीमागे उभे राहिले. बोटं खरंच थरथरत होती. कंगवा केसांना लावला आणि वर पाहिलं तर समोर आरसा. आरशात काकू त्यांच्याकडे पाहत होत्या. गुरुजींचा हात थांबला. त्यांनी नजर खाली नेली, पुन्हा वर आली, पुन्हा तिथंच काकू. चोरी पकडल्यासारखे लाल झाले बिचारे. अपर्णा म्हणाली, "बघा ना ताई, नाहीच जमत त्यांना."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी काकूंचं तोंड अंगणाकडे असायचं.

मी खुर्ची गर्रकन फिरवली. काकूंची पाठ आरशाला, तोंड खिडकीकडे. गुरुजी फिरून त्यांच्यामागे आले. आता कोणालाच कोणाचं तोंड दिसत नव्हतं. मी ब्रश धुवायचं निमित्त करून बाजूला झाले.

गुरुजींनी कंगवा लावला. भांग वाकडा पडला. पुन्हा पाडला. डाव्या हातानं केस सपाट दाबत, उजव्या हातानं कंगवा ओढत. गाठ नव्हती, त्यामुळे हात थरथरला तरी काकूंना लागत नव्हतं. एकदा, दोनदा, मग त्यांचे खांदे जरा सैल झाले. कंगवा थांबला. त्यांनी नुसता तळहात काकूंच्या डोक्यावर ठेवला, मऊ, आखूड केसांवरून मागे मानेपर्यंत नेला, आणि मंत्र म्हणणारा तो आवाज अगदी बारीक होऊन आला.

"मुकुंदाचं जावळ असंच होतं गं. काढायचंच राहिलं."

काकूंनी डावा हात वर नेऊन, मागे न पाहता, गुरुजींची बोटं धरली. मला रडू आवरेना. मी खोटं कशाला सांगू, लेपवाल्या बाईंचाही लेप गालावरून ओघळला.

अपर्णा माझ्या शेजारी उभी होती. तिनं कपाटाची कड घट्ट धरली.

"मला मावशीनं सांगितलं होतं त्याच्याबद्दल," ती मला अगदी हळू म्हणाली. "बाबांच्या तोंडून मी त्याचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं."

गुरुजी पुन्हा विंचरू लागले होते, आणि आता आपण कुठे आहोत हे विसरून बोलत होते. जावळाला अकोल्याहून आत्या येणार होती, काय काय ठरलं होतं, कोणाच्या मांडीवर बसवायचं. काकू मध्येच त्यांची चूक काढत होत्या. "आत्या नाही हो, मामा. जावळाला मामाची मांडी लागते." "हो हो, मामा." असं चाललं होतं.

बऱ्याच वेळानं अपर्णा म्हणाली, "ताई, आता आखूड करू नका. आहेत तेवढेच असू द्या."

"अन् बाबांचे हात?"

"थरथरू देत."

मग तिनं स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. तिथं धरायला काहीच नव्हतं. आरशात पाहत तिनं विचारलं, "माझे आईएवढे वाढायला किती दिवस लागतील हो?"

"वर्ष तरी धरा."

"वर्ष?" ती वळली आणि वडिलांच्या बोटांकडे पाहत राहिली. मला वाटलं आता ही इथंच बसून हुंदके देते. पण तिनं कोपऱ्यातलं माझं स्टूल ओढलं, काकूंच्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून, वडिलांकडे पाठ करून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "आहेत तेवढेच विंचरा. आणि मला त्याचं सगळं सांगा."